पाणबुड्याचं यकृत

पलंगावर एकूण तेवीस वस्तू होत्या. शिशाची वजनं सात, ती ओवायचा पट्टा एक, चाकू दोन, काचेचे मुखवटे तीन, पायात घालायचे रबरी पंखे दोन, पाण्यात चालणारा टॉर्च एक, लोकरीचे मोजे तीन (चौथा कुठे गेला हे विचारायची ती वेळ नव्हती) आणि बाटल्या चार. धाकटीने दारात उभ्या उभ्या हे सगळं मोजलं. मोजायची तिला सवयच होती. शिवाय मोजत असलं की बोलावं लागत नाही.

बाबांची पाण्यात उतरायची पेटी पलंगाखालून ओढून आईने उपडी केली होती. तीन बाटल्या उघडून बघून झाल्या होत्या. चौथीचं बूच काढून ती नाकाशी धरत होती, तेवढ्यात बाबा डोकं पुसत बाथरूममधून बाहेर आले.

"ती नको पिऊस," ते म्हणाले. "शांपू आहे. काचेवर वाफ धरू नये म्हणून आतून लावतो. तोंडाला फेस येईल."

"मी कशाला पिऊ?"

"मग मी पितो असं वाटतं?"

आईने बूच लावलं. "मी काही म्हटलंय का?"

"म्हण की. हुंगून कशाला विचारतेस?"

"अहो, तो कागद मी नाही लिहिला."

"लिहिला असतास तर निदान अक्षर लागलं असतं."

बाबांनी एकेक वस्तू परत पेटीत लावायला घेतली. वजनं तळाशी, मग पट्टा, मग चाकू. त्यांचे हात शांत होते, पण मान ताठ होती. आई खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. धाकटीला वाटलं, दोघांपैकी कुणीतरी ओरडावं. ओरडणाऱ्या माणसांची समजूत घालता येते.

बाबा पाणबुडे होते. धरणाच्या दरवाजात अडकलेलं लाकूड काढणं, बोटीच्या पंख्याला गुंडाळलेला दोर कापणं, पाणीपुरवठ्याच्या जलाशयात नळाच्या तोंडावरची जाळी साफ करणं, असली कामं. लांबच्या कामाला ते हवेची नळी लावून उतरत. पण काम छोटं असलं तर नुसत्या श्वासावर. "नळी जोडेपर्यंत मी जाऊन येतो," असं म्हणायचे आणि खरंच जाऊन यायचे. बरोबरचे लोक त्यांना कासव म्हणत. एकदा अर्ध्या शहराचे नळ कोरडे पडले होते तेव्हा ते खाली गेले आणि जाळीत अडकलेली आख्खी सायकल घेऊन वर आले. काठावरचे साहेब टाळ्या वाजवत होते. बाबांनी आधी सायकलची घंटी वाजते का ते बघितलं. वाजत होती.

दरवर्षी पाण्यात उतरायचा दाखला मिळण्याआधी तपासणी व्हायची. कान, छाती, रक्त. यंदा रक्तातला कसलासा आकडा जरा वर गेला, म्हणून डॉक्टरांनी यकृत किती ताठर झालंय ते मोजायला पाठवलं. आकडा आला बारा पूर्णांक चार किलोपास्कल. निरोगी माणसाचा सहाच्या आत असतो. डॉक्टरांनी विचारलं, दारू किती घेता? बाबा म्हणाले, नाही घेत. डॉक्टरांनी लिहिलं: 'लक्षणीय ताठर. मद्यपान: रुग्ण नाकारतो. पाण्याखालील कामास तूर्त अपात्र.'

त्यातलं 'नाकारतो' बाबांना सर्वांत जास्त लागलं होतं. "मी त्याला सरळ उत्तर दिलं," ते म्हणायचे. "त्यानं ते असं लिहिलं की जणू चोरी पकडली."

आईला मात्र तो शब्द लागला नव्हता, कारण तिच्यासाठी तो नवा नव्हता. तिचे वडील बाटली पाण्याच्या टाकीत दोरीला बांधून सोडत. लाकडाच्या भुशात पुरत. एकदा तर तिच्याच दप्तरात सापडली होती. आणि दरवेळी ते म्हणायचे, मी घेत नाही. पोरीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणायचे. आईने ते वाक्य पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती नऊ वर्षांची होती आणि तिने त्यावर विश्वास ठेवला होता. पुढे वडील गेले, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं होतं, यकृताचा दगड झाला होता.

त्यामुळे आता बाबा 'मी घेत नाही' म्हणाले की आई त्यांच्याकडे बघतच नसे. पेटी बघे, माळा बघे, टॉवेल बघे. धाकटीनेही एकदा टॉवेल हुंगला होता. रबराचा वास येत होता.

*

धाकटी यकृतं बनवायची.

विज्ञानाची पदवी घेतल्यावर ती एका संशोधन संस्थेत लागली होती. तिची खोली तळमजल्याच्याही खाली होती आणि तिथे दिवसभर पंख्यांची घरघर चालायची; ते पंखे माणसांसाठी नव्हते, कॉम्प्युटरांसाठी होते. काम असं: यकृत मोजणारं मशीन पोटावरून आवाजाचा एक ठोका आत मारतं, कानाला ऐकू न येणारा. त्या ठोक्याने आतलं मांस अगदी किंचित, केसाच्या जाडीहूनही कमी, हलतं. तिथून एक आडवी लहर सुटते. मांस मऊ असलं तर लहर रमतगमत जाते, ताठर असलं तर घाईने. मशीन तिचा वेग पकडतं आणि वेगावरून ताठरपणा काढतं. धाकटी हे सगळं कॉम्प्युटरात खोटं खोटं घडवायची. बारीक चौकटींचं एक यकृत मांडायचं, त्यात आपल्याला हवा तेवढा ताठरपणा घालायचा, ठोका मारायचा, लहर सोडायची, आणि मशीनचं गणित घातलेला आकडाच परत काढतं का ते बघायचं.

तिची यकृतं सेकंदाच्या पन्नासाव्या हिश्शापुरतीच जगायची. त्यांना माणूस जोडलेला नसे. पोट नाही, श्वास नाही, बायको नाही.

बाबांचा कागद हातात आला तेव्हा तिने पहिल्यांदा उलटं गणित केलं. बारा पूर्णांक चार म्हणजे लहर सेकंदाला दोन मीटरने गेली. भरभर चालणाऱ्या माणसाचा वेग. निरोगी यकृतात तीच लहर बाजारातून पिशवी घेऊन येणाऱ्या माणसासारखी चालते. एवढाच फरक, आणि त्यावर बाबांचं पाणी बंद.

ती डॉक्टरांना भेटायला गेली. डॉक्टर सभ्य होते. त्यांनी तिला बसायला सांगितलं, पाणी दिलं, आणि आवाज खाली आणून म्हणाले, "हे बघ, घरच्यांना हे नेहमी शेवटी कळतं."

"ते घेत नाहीत."

"ठीक आहे. पण मशीन खोटं बोलत नाही ना."

"मशीन बोलतच नाही, डॉक्टर. लहर किती वेगाने गेली एवढंच ते मोजतं. बाकीचं आपण बोलतो."

डॉक्टर हसले. "तू कुठल्या कॉलेजला?"

ती उठून आली. पायऱ्या उतरताना तिच्या लक्षात आलं की आपण 'ते घेत नाहीत' असं ठासून म्हटलं, आणि आपल्याला ते माहीत नाही.

*

गोष्ट उलगडली ती जेवताना, आणि तीही बाबांच्या फुशारकीमुळे. ठेकेदाराचा फोन येऊन गेला होता: कासवा, जलाशयाची जाळी पुन्हा तुंबली, पण कागदाशिवाय तुला उतरवलं तर माझी मान जाईल. बाबांनी फोन ठेवला आणि जेवायला बसले. बाबांना शांतता पाण्याखाली चालायची, घरात नाही.

"काही म्हणा," ते म्हणाले, "दवाखान्यातली ती यकृत मोजणारी पोरगी मात्र खूश होती माझ्यावर."

आईने वाढायचं थांबवलं नाही. धाकटीने विचारलं, "का?"

"दहा मापं घ्यायची असतात. दर मापाला श्वास रोखायचा. लोक म्हणे धापा टाकतात, खोकतात, मधेच सोडतात. तिनं मला म्हटलं, काका, मोठा श्वास घ्या आणि रोखा. घेतला. एक माप झालं. म्हणाली, आता सोडा. मी मानेनंच नाही म्हटलं. मग तिनं दुसरं घेतलं. तिसरं घेतलं. दहाच्या दहा एका दमात. म्हणाली, तुमच्यासारखा पेशंट बघितला नाही."

धाकटीचा घास हातातच राहिला. "रोखला म्हणजे कसा रोखलात?"

"कसा म्हणजे? रोखतात तसा."

"दाखवा."

"जेवताना?"

"दाखवा ना, बाबा."

बाबांनी ताट थोडं पुढे सरकवलं. पाठ सरळ केली. छाती भरली, आणि भरली असं वाटल्यावर आणखी भरली. मग घशातलं दार बंद झालं, ओठ मिटले, पोटाची फळी झाली. मानेवरच्या शिरा हळूहळू वर आल्या, करंगळीएवढ्या. धाकटी उठून जवळ गेली आणि तिने एका शिरेवर बोट ठेवलं. शीर बोटाला मागे ढकलत होती.

"पुरे," आई म्हणाली.

बाबांनी नाही अशी मान हलवली. आईने आपलं जेवण संपवलं, ताट उचललं, धुतलं, पुसून ठेवलं. मग बाबांनी सावकाश श्वास सोडला आणि भात गार झाला म्हणून कुरकुर केली.

"बाबा, तुमचा होज पाइप," धाकटी म्हणाली. तिचा आवाज जरा चढला होता. "पाणी सोडलं आणि पुढचं तोंड दाबून धरलं, की हाताला कसा लागतो?"

"कडक."

"रबर बदललं का?"

"रबर कशानं बदलेल? आत दाब आला."

"यकृत म्हणजे रक्तानं भरलेला स्पंज आहे. तुम्ही असा श्वास कोंडलात की छातीत दाब येतो आणि वर हृदयाकडे जाणारं रक्त अडतं. मागे तुंबतं. कुठे? यकृतात. आणि एका दमात दहा मापं, म्हणजे तुंबतच राहिलं."

बाबा आईकडे वळून म्हणाले, "ऐकलंस? जाळी तुंबली होती."

आई म्हणाली, "माझ्या वडिलांकडेही दरवेळी कारण असायचं. चांगलं पटण्यासारखं असायचं." आणि दिवा बंद करायला आत गेली.

*

धाकटीने दोन आठवडे दुसरं काही केलं नाही. आजवर तिच्या चौकटींच्या यकृतात दाब नव्हताच. कुणी मागितला नव्हता. तिने तो घातला. दाबाखाली मांस कसं ताठरतं याची समीकरणं शोधून काढली, लहर फुटून तिचे तुकडे व्हायचे ते सावरलं, आणि एका दुपारी सहा किलोपास्कलचं मऊ, निर्दोष यकृत पडद्यावर बारा पूर्णांक चार दाखवू लागलं. तिने ते तिच्या बाईंना दाखवलं.

बाई म्हणजे तिच्या विभागाच्या प्रमुख. त्या कधी रागवत नसत, प्रश्न विचारत. लोक म्हणायचे, त्यापेक्षा रागावल्या तर बरं.

"दाब किती घातलास?"

"पस्तीस मिलिमीटर पारा."

"पस्तीसच का?"

धाकटीने कीबोर्ड पुढे ओढला.

"तीस घातला तर काय येतं?"

"साडेदहा."

"चाळीस?"

"पंधराच्या आसपास."

"म्हणजे बारा पूर्णांक चार यावेत म्हणून पस्तीस."

"हो."

बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. "मग हे गणित नाही झालं. ही वकिली झाली. अशील कोण आहे ते मला माहीत आहे."

धाकटीचे कान तापले. पण ती हलली नाही. "वकिली तर वकिली. समोरच्यांनी तरी काय केलंय? त्यांनी दाब शून्य धरलाय. शून्य हासुद्धा आकडाच आहे, बाई. तो त्यांनी मोजला नाही, नुसता धरला. त्यांचं शून्य शहाणं आणि माझे पस्तीस लबाड, असं का?"

बाईंनी चष्मा घातला.

"हे बरोबर बोललीस," त्या म्हणाल्या. "पण त्यानं तू बरोबर ठरत नाहीस. दोघंही न मोजता बोलताय, एवढंच ठरतं."

"मग मोजू या. आपल्याकडे मशीन आहे."

"मोजेन मी. तू मशीनला हात लावायचा नाहीस. आणि घरी आधी सांगायचं, की आकडा कुठलाही आला तरी त्यातून दारू निघत नाही. यकृत ताठर व्हायला शंभर कारणं असतात. दारू त्यातलं एक."

"आणि मऊ निघालं तर?"

"मऊ निघालं तर मऊ निघालं. मी डॉक्टरांना फेरतपासणीसाठी लिहीन. तुझ्या आईला पत्र लिहिणार नाही." थोडं थांबून बाई म्हणाल्या, "पस्तीस हा वाईट अंदाज नाही. पण अंदाज आहे."

*

"मी यायचा नाही," बाबा म्हणाले.

ते गच्चीवर पाण्यातल्या कपड्याला ठिगळ लावत बसले होते. दाखला नव्हता, काम नव्हतं, पण रबराला ते ठाऊक नसतं; ते वापरलं नाही तरी चिरतं.

"का?"

"मी घेत नाही हे मी सांगितलं. तुझ्या आईला सांगितलं, डॉक्टरला सांगितलं, ठेकेदाराला सांगितलं. आता मशीनला सांगू? उद्या ते म्हणेल बारा, परवा म्हणेल पाच. मी दोन्ही दिवशी तोच आहे ना?"

तिने ठिगळाचं दुसरं टोक धरलं. बाबांनी सोल्यूशन लावलं, फुंकर घातली.

"तुला खरं वाटतं का?" त्यांनी वर न बघता विचारलं. "तेवढं सांग."

हो म्हणायला फार सोपं होतं. एकच अक्षर होतं.

"मला माहीत नाही, बाबा. मी मोजलेलं नाही."

बाबांनी ठिगळ दाबून धरलं. बराच वेळ धरलं. मग म्हणाले, "थोरल्याचा फोन आला होता. म्हणाला, बाबा, माझा तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे. आणि पुढच्याच वाक्याला म्हणाला, आता सोडून द्या."

धाकटीला हसू आवरलं नाही. बाबाही हसले, पण पटकन थांबले.

"त्यापेक्षा तुझं बरं," ते म्हणाले. "काय करावं लागेल?"

"श्वास सोडायचा. नेहमीसारखा. आणि सोडल्यावर क्षणभर थांबायचं. छाती भरायची नाही."

"रिकामी छाती?"

"हो."

"बुडालेली माणसं वर काढलीयत मी. रिकामी छाती त्यांची असते." ते गंभीर झाले होते. "थांब म्हटलं की मी भरतो. विचार करून नाही करत. हात भाजला की मागे येतो तसं आहे ते."

"मग नाही जमायचं म्हणा. मी समजू शकते."

"नाही जमायचं असं मी म्हटलं का?"

"नाही. पण तसं असेल तर असेल."

"मास्तरीणबाई, मला चढवू नकोस हरभऱ्याच्या झाडावर."

"चढवत नाही. नोंद करतेय."

बाबांनी ठिगळ सोडलं. ते बसलं होतं. "येतो," ते म्हणाले. "पण तुझी आई येणार. माझ्यासमोर, तिच्या डोळ्यांसमोर. मागाहून निरोप नको."

आई आधी नाही म्हणाली. मला त्यातलं काय कळतं, म्हणाली. बाबा म्हणाले, "बाटल्यांतलं कळलं ना? चल." त्यावर ती कपडे बदलायला गेली.

*

मशीनची खोली लहान होती. एक उंच पलंग, एक खुर्ची, एक पडदा. बाबांनी शर्ट काढून आईकडे दिला आणि आडवे झाले. त्यांच्या बरगडीवर जुन्या ओरखड्याचा पांढरा वण होता. आई खुर्चीत बसली, शर्ट मांडीवर घेतला आणि एकेक बटण लावत राहिली. धाकटीला भिंतीपाशी उभं करून बाईंनी सांगितलं होतं, हात मागे.

बाईंनी गार जेली लावली, बरगड्यांच्या मधे मशीनचं तोंड टेकवलं. "श्वास सोडा. आता थांबा."

बाबांनी सोडला. 'थांबा' ऐकलं आणि छाती भरून आली.

"असं नाही. पुन्हा."

पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तेच. चौथ्यांदा बाबांनी दात आवळून छाती खाली दाबून धरली, तर पोट दगडासारखं झालं. बाई म्हणाल्या, हेही चालणार नाही, हासुद्धा जोर आहे. बाबांच्या कपाळावर घाम आला. इतकी वर्षं याच श्वासाने त्यांना वर आणलं होतं. आता तो त्यांचं ऐकत नव्हता.

"सवय आहे हो," ते बाईंना म्हणाले. असं आर्जवाने बोलताना धाकटीने त्यांना पूर्वी ऐकलं नव्हतं. तिने नजर वळवली.

"झोपेत सोडता तसा सोडा," आई म्हणाली.

"मला काय ठाऊक, मी झोपेत कसा सोडतो?"

"मला ठाऊक आहे. लग्न झाल्यापासून ऐकतेय."

आईने शर्ट खुर्चीवर ठेवला आणि उठून पलंगाच्या दुसऱ्या बाजूला आली. तिने बाईंना विचारलं नाही. बाबांच्या छातीवर, वणाच्या वरच्या बाजूला, तिने तळवा ठेवला. "डोळे मिटा. कुणी थांब म्हणणार नाही तुम्हाला. मी बाईंना सांगेन कधी ते."

बाईंनी धाकटीकडे पाहिलं, मग मान डोलावली.

खोलीत काही वेळ काहीच झालं नाही. बाबांचा श्वास आधी उगीच मोठा होता, नाटकातल्या झोपेसारखा. मग तो बसला. आत आला, बाहेर गेला. बाहेर गेल्यावर एक छोटीशी जागा होती, जिथे छाती कशाचीच वाट बघत नव्हती. आई तळव्याने ती जागा चाचपत होती. दोनदा तिने ती जाऊ दिली.

"आता," ती हळूच म्हणाली.

बाईंनी बटण दाबलं. पडद्यावर लहर गेली.

"आता."

असं दहा वेळा. बाबांना मधे खरंच डुलकी लागली असावी, कारण बाईंनी जेली पुसली तेव्हा ते दचकले.

बाईंनी दहा मापं लावली आणि मधला आकडा काढला. "पाच पूर्णांक सहा."

धाकटीने भिंतीला टेकलेले हात सोडवले. बाबा कोपरावर उठून बसले आणि आईकडे बघू लागले. आई पडद्याकडे बघत होती.

"हे मशीन वेगळं आहे," ती म्हणाली.

"काय?" बाबा म्हणाले.

"तिकडचं मशीन वेगळं होतं, हे वेगळं. हे सगळ्यांनाच कमी दाखवत असेल. मला कसं कळणार?" तिचा आवाज स्थिर होता, ती भांडत नव्हती. "आजवर मला कमीच दाखवलंय सगळ्यांनी. मी मानलं, आणि फसले. आता असं नाही मानायची."

"अगं, बाईंनी स्वतः..." बाबा म्हणाले.

"बाईंवर माझा राग नाही." आई बाईंकडे वळली. "यांना तिकडे घेतला होता तसा श्वास घेऊ द्या. छाती भरून. एका दमात दहा. याच मशीनवर. मग बघू."

धाकटीला वाटलं, हे आपल्याला सुचायला हवं होतं. बाईंच्या चेहऱ्यावर जो आदर आला तो धाकटीने त्यांच्या प्रयोगशाळेत फार थोड्या लोकांच्या वाट्याला आलेला पाहिला होता. त्यांनी जेलीची बाटली पुन्हा उचलली.

"आपलं म्हणणं रास्त आहे," त्या आईला म्हणाल्या.

बाबा आडवे झाले. त्यांचं तोंड आता उजळलं होतं. "हे आधी सांगायचं होतं. हे जमतं मला."

"बोलू नका," आई म्हणाली. "भरा."

तिचा तळवा अजून त्यांच्या छातीवर होता. छाती भरली, आणि आणखी भरली, आणि तळवा वर उचलला गेला. मानेवरच्या शिरा उभ्या राहिल्या. आई त्यांच्याकडे बघत होती. बाई एकेक माप घेत होत्या, घाई न करता. पाचव्या मापाला बाबांचे डोळे पाणावले. सातव्याला बाईंनी विचारलं, सोडायचा का? बाबांनी मानेनंच नाही म्हटलं. नवव्याला त्यांच्या पायाचा अंगठा थरथरला. दहावं माप झालं तरी त्यांनी सोडला नाही. आईने छातीवर दोनदा थोपटलं, तेव्हा सोडला.

बाईंनी दहा मापं लावली आणि मधला आकडा वाचून दाखवला.

बारा पूर्णांक सात किलोपास्कल.